निर्वासित बालकाचा शब्द कोणत्या मापाने मोजावा?

व्यापारात ‘पत’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. उधारीवर माल मिळण्याची पात्रता ती पत, आणि चारचौघांत आपल्या शब्दाला असलेली किंमत तीही पतच. ही पत एका दिवसात उभी राहत नाही. वर्षानुवर्षांचा व्यवहार, वेळेवर सकारलेली हुंडी, नीट लिहिलेली खतावणी आणि शेजारच्या पेढीने दिलेली ग्वाही यांतून ती हळूहळू सिद्ध होते. बँकेत कर्जप्रकरणांची छाननी करताना आम्हीही हेच पाहत असू : कागद, पूर्वीचा व्यवहार, जामीनदार आणि सरतेशेवटी माणसाचा शब्द.

आता अशी कल्पना करावी की, परक्या देशातील एका कार्यालयात दहा-बारा वर्षांचे मूल बसले आहे. घर सुटले, देश सुटला. त्याच्याजवळ कागद नाही, पूर्वीचा व्यवहार नाही, जामीनदारही नाही. आहे तो केवळ शब्द, आणि तोही दुभाष्याच्या तोंडून समोरच्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचणारा. “मला परत पाठवू नका, तिथे माझ्या जिवाला धोका आहे,” एवढेच त्याचे सांगणे. हे सांगणे खरे की खोटे, हे कोणी, कसे आणि कोणत्या मापाने ठरवायचे?

हा प्रश्न थोड्याथोडक्या मुलांपुरता नाही. जगाच्या लोकसंख्येत मुलांचे प्रमाण सुमारे ३० टक्के असताना, सक्तीने विस्थापित झालेल्या लोकांत मात्र ते सुमारे ४० टक्के असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाची आकडेवारी सांगते. बहुतेक मुले आईवडिलांसोबत असतात. काही मात्र एकटीच सीमा ओलांडतात. या मुलांच्या साक्षीचे मूल्यमापन कसे करावे, याचा पद्धतशीर विचार ज्या देशांनी केला त्यांत कॅनडा अग्रभागी आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे आप्त आज त्या देशात स्थायिक आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात मुख्यतः कॅनडाच्या पद्धतीचा परिचय करून देत आहे.

कायद्याची चौकट

निर्वासित कोणाला म्हणावे, याची व्याख्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात दिली आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाच कारणांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी सकारण भीती असल्यामुळे जो स्वदेशाबाहेर आहे आणि स्वदेशाचे संरक्षण घेऊ शकत नाही, तो निर्वासित. १९६७ च्या पूरक कराराने या व्याख्येवरील काळाची व प्रदेशाची बंधने दूर केली. या व्याख्येत वयाचा उल्लेख कोठेही नाही. बालकासाठी वेगळी, सोपी व्याख्या नाही, आणि बालक आहे म्हणून त्याला संरक्षण नाकारण्याची मुभाही नाही.

पुढे १९८९ मध्ये बालहक्कांचा करार झाला. बालकाचे हित हा प्रत्येक निर्णयात प्रमुख विचार असावा, बालकाला स्वतःचे मत मांडता यावे आणि त्या मताला त्याचे वय व परिपक्वता यांनुसार वजन मिळावे, तसेच आश्रय मागणाऱ्या बालकाला योग्य संरक्षण मिळावे, ही तत्त्वे त्यातून पुढे आली. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला.

कॅनडात आश्रयाचे दावे ‘इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्ड’ हे स्वतंत्र मंडळ ऐकते. मंडळाने सप्टेंबर १९९६ मध्ये बालदावेदारांच्या सुनावणीची पद्धत आणि पुरावा यांविषयी खास मार्गदर्शक सूचना काढल्या. अशा सूचना अधिकृतपणे काढणारा तो पहिला देश मानला जातो. अमेरिकेने १९९८ मध्ये त्याचे अनुकरण केले. संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाने २००९ मध्ये याच विषयावर सविस्तर सूचना प्रसिद्ध केल्या.

कॅनडाच्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक दावेदारासाठी मंडळाने एक प्रतिनिधी नेमावा लागतो. आईवडील सोबत असतील तर बहुधा त्यांपैकीच एक. मूल एकटे असेल तर दुसरी योग्य व्यक्ती. वकील नेमणे, त्याला सूचना देणे, पुरावा गोळा करण्यास साहाय्य करणे आणि चाललेली प्रक्रिया मुलाला समजेल अशा भाषेत सांगणे ही त्याची कामे. अज्ञान बालकाच्या बँक खात्यावर सही पालकाची असते, पण पैसा बालकाचा असतो. येथेही तसेच. प्रतिनिधी बोलला तरी दावा मुलाचाच राहतो. सुनावणी बंद दाराआड होते, तिला प्रेक्षक नसतात.

दोन पायऱ्या, दोन मापे

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की, अधिकारी मुलाची हकीकत ऐकतो आणि पटली तर होकार देतो. वस्तुतः येथे दोन स्वतंत्र प्रश्न असतात. पहिला प्रश्न मागच्या काळाचा : जे घडले म्हणून सांगितले जाते, ते घडले असावे का? येथे दिवाणी दाव्याप्रमाणे शक्यतेचे पारडे किंचित झुकले तरी पुरते. दुसरा प्रश्न पुढच्या काळाचा : हे मूल परत गेले तर त्याचा छळ होण्याचा संभव किती? येथे पारडे झुकण्याचीही आवश्यकता नाही. छळाची शक्यता निम्म्याहून कमी असली, पण ती गंभीर व सकारण असली, तरी संरक्षण द्यावे लागते, असे कॅनडाच्या अपील न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये याच अर्थाचा निर्णय देताना दहात एक इतकी शक्यताही सकारण भीतीला पुरेशी ठरू शकते, असे सूचित केले होते.

मंडळाला पुराव्याच्या काटेकोर तांत्रिक नियमांचे बंधन नाही. जो पुरावा विश्वसनीय वाटेल तो स्वीकारता येतो, मग ते आजीचे पत्र असो वा शाळेची वही. शिवाय १९७९ च्या एका निर्णयापासून तेथे असे तत्त्व रूढ आहे की, दावेदाराने शपथेवर सांगितलेली गोष्ट, शंका घेण्यास कारण नसेल तर, खरी मानून चालावे. म्हणजे शंका घेण्याचा अधिकार मंडळाला आहे, परंतु शंकेचे कारण दाखवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आहे.

याहून महत्त्वाचे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत आढळते. दावा सिद्ध करण्याचे ओझे तत्त्वतः दावेदारावर असले, तरी तथ्ये शोधण्याचे काम दावेदार आणि तपासणारा यांनी वाटून घ्यायचे असते. दावेदार बालक असेल तर तपासणाऱ्याचा वाटा वाढतो. कारण बारा वर्षांचे मूल आपल्या तालुक्याच्या न्यायालयातून नक्कल मागवू शकत नाही, आणि वर्तमानपत्राचे कात्रण जपून ठेवत नाही.

मुलाची आठवण कशी काम करते?

मुले खोटे बोलतात असे म्हणणारे जितके, तितकेच मुले कधी खोटे बोलत नाहीत असे म्हणणारेही भेटतात. दोन्ही विधाने उतावळी आहेत. बालकाच्या स्मरणशक्तीविषयी अभ्यासकांना जे आढळले आहे ते असे : लहान मुलाला मोकळेपणाने बोलू दिले तर ते थोडेच सांगते, पण जे सांगते ते बहुधा बरोबर असते. चुका वाढतात त्या सूचक प्रश्नांनी. “सैनिकांच्या हातात बंदुका होत्या ना?” असे विचारले तर मूल मान डोलावते. “तू काय पाहिलेस?” असे विचारले तर ते दारातील चपलांबद्दल बोलेल, पण त्या चपला खरोखरच तेथे असण्याची शक्यता अधिक.

दुसरी अडचण प्रश्न पुन्हा विचारण्याची. वर्गात गुरुजींनी “नक्की?” असे विचारताच बरोबर उत्तर दिलेला विद्यार्थीही उत्तर बदलतो. त्याला वाटते, आपले चुकले म्हणूनच पुन्हा विचारले. सुनावणीत तोच प्रश्न तीन वेळा विचारून तीन उत्तरे मिळाली, तर ती विसंगती मुलाची की प्रश्नकर्त्याची, हे आधी ठरवावे लागेल.

तिसरी गोष्ट काळ, अंतर आणि संख्या यांची. किती दिवस कोंडून ठेवले, किती माणसे आली, किती वेळा मारले, ही मोजमापे लहान वयात कच्ची असतात. ‘खूप दिवस’ म्हणजे तीन दिवस की तीन आठवडे, हे मूल सांगू शकत नाही. त्यावरून कोंडणे खोटे ठरत नाही.

प्रौढांचीही स्मृती याला अपवाद नाही. कोसोव्हो व बोस्निया येथून ब्रिटनमध्ये आलेल्या प्रौढ निर्वासितांच्या मुलाखती संशोधकांनी काही काळाच्या अंतराने दोनदा घेतल्या. तो अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या लोकांना राहण्याची परवानगी आधीच मिळालेली होती, त्यामुळे खोटे बोलण्याचे काहीही प्रयोजन नव्हते. तरीही दोन कथनांत फरक पडले, आणि ते मुख्य घटनेपेक्षा तिच्या आजूबाजूच्या तपशिलांत अधिक पडले. प्रौढांची ही स्थिती, तर ज्याने आठव्या वर्षी पाहिले आणि अकराव्या वर्षी सांगितले त्या मुलाकडून रोजकीर्दीसारखी नोंद कशी अपेक्षावी? म्हणूनच कॅनडाच्या सूचना सांगतात की, मुलाचे वय दोनदा विचारात घ्यावे : सुनावणीच्या दिवशीचे, आणि घटना घडली त्या दिवशीचे.

आणखी एक बाब आपल्या व्यापारी घरांना विनासायास समजेल. दुकानाला खोट आली तर ती लहानांच्या कानावर पडू दिली जात नाही. दागिने गहाण पडलेले असतात, आणि मुलाला मात्र एवढेच ठाऊक असते की आईला बरे नव्हते म्हणून ती लग्नाला गेली नाही. छळ सोसणारी कुटुंबेही असेच करतात. वडील कोणत्या संघटनेत होते, धमकीचे पत्र कोणाकडून आले, घर एका रात्रीत का सोडले, हे मुलापासून लपवलेले असते. अशा मुलाला “तुझ्या वडिलांना कोणी आणि का पकडले?” असे विचारल्यावर “ठाऊक नाही” हे उत्तर आले, तर ते उत्तर खोटेपणाचे लक्षण मानता येत नाही. अनेकदा तेच सर्वांत प्रामाणिक उत्तर असते.

१ जून आणि तीन पंचांगे

कागदांचा प्रश्न वेगळाच आहे. कॅनडाच्या कायद्यात असे म्हटले आहे की, दावेदाराजवळ ओळखीचा ग्राह्य कागद आहे का, आणि नसल्यास त्याचे वाजवी स्पष्टीकरण आहे का, याचा विश्वासार्हता ठरवताना विचार करावा. कागद नसणे म्हणजे दावा बुडाला असे नव्हे. स्पष्टीकरण मात्र हवे, आणि कागद मिळवण्यासाठी काय खटपट केली तेही सांगावे लागते.

कागद असला तरी त्यावरील तारीख किती खरी? ग्रामीण शाखेत काम करताना १ जून ही जन्मतारीख असलेले इतके खातेदार भेटत की नवख्या अधिकाऱ्याला संशय यावा. त्यात लबाडी कोठेच नसे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत, आणि ती तारीख माणसाला जन्मभर पुरत असे. जगातील अनेक प्रदेशांत हेच घडते. अफगाणिस्तानातून आलेल्या अनेकांच्या परदेशी कागदांवर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसते.

पंचांगांचा फरक त्यात भर घालतो. आपल्या पेढीवर एकाच दिवसाला विक्रम संवत, शक, वीर निर्वाण संवत आणि इसवी सन अशी चार नावे असतात. कोणाचे वर्ष दिवाळीला बदलते, कोणाचे गुढीपाडव्याला. अफगाणिस्तानातील सौर हिजरी वर्ष आणि इसवी सन यांत ६२१ किंवा ६२२ वर्षांचे अंतर असते. इथिओपियाच्या पंचांगात १३ महिने असून त्याचे वर्ष इसवी सनाच्या ७ ते ८ वर्षे मागे असते. दुभाष्याने घाईत केलेल्या रूपांतरात एक वर्ष इकडचे तिकडे झाले, तर एकाच मुलाची दोन वये कागदोपत्री नोंदली जातात. मग सोळाचा सतरा झाला की अधिकारी विचारतो, “आधी खोटे सांगितले की आता?”

वय ठरवण्यासाठी काही देशांत मनगटाच्या हाडांचे क्ष-किरण चित्र घेतात. त्यासाठी वापरला जाणारा प्रसिद्ध चित्रसंग्रह अमेरिकेतील सुस्थित कुटुंबांतील मुलांच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदींवर आधारलेला आहे. उपासमारीत किंवा दुसऱ्या खंडात वाढलेल्या मुलाला तो तंतोतंत लागू पडेलच असे नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ मध्येच नमूद केले आहे की, अशा तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक संभवतो. भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात म्हणूनच क्रम ठरवून दिला आहे : प्रथम शाळेचा वा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. ब्रिटनमधील न्यायालयाने २००३ मध्ये बजावले की, केवळ चेहरा पाहून मुलाचे वय ठरवता येणार नाही.

विश्वासार्हतेच्या कसोट्या

अधिकारी साधारणतः चार गोष्टी तपासतो. कथनात पुरेसा तपशील आहे का, कथनाचे भाग एकमेकांशी जुळतात का, बाहेरच्या माहितीशी मेळ बसतो का, आणि जे सांगितले ते घडण्याजोगे आहे का. या चारही कसोट्या योग्यच आहेत. प्रश्न त्या बालकाला कशा लावायच्या हा आहे.

तपशिलाबाबत मुलाकडून त्याच्या जगातील तपशील अपेक्षावा. सेनाधिकाऱ्याचा हुद्दा त्याला ठाऊक नसेल, पण शाळेच्या वाटेवर चौकी कोठे उभी राहिली हे त्याला ठाऊक असेल. आतील सुसंगती पाहताना मुख्य घटना आणि किरकोळ बाबी वेगळ्या कराव्यात. बँकेत दिवसअखेर हिशेबात फरक आला की कोणाला लगेच चोर ठरवत नाहीत. ती रक्कम ‘सस्पेन्स’ खात्यात ठेवून शोध घेतला जातो, आणि बहुतेक वेळा फरक आकड्यांच्या उलटापालटीचा निघतो. कथनातील विसंगतीही आधी दावेदारापुढे ठेवून तिचे स्पष्टीकरण घ्यावे लागते. न विचारता तिच्यावर निर्णय उभारणे अन्यायाचे ठरते.

बाहेरच्या माहितीचे महत्त्व बालकाच्या दाव्यात सर्वाधिक. कॅनडाचे मंडळ प्रत्येक देशाच्या परिस्थितीविषयी अहवालांचा संग्रह तयार ठेवते. त्या गावात, त्या वर्षी, त्या जमातीच्या मुलांना बळजबरीने सैन्यात ओढले जात होते असे अहवाल सांगत असतील, तर मुलाच्या तुटक बोलण्यातील रिकाम्या जागा त्यावरून भरून काढता येतात. १९९६ च्या सूचनांचा गाभा हाच होता : मूल आपली भीती प्रौढासारखी मांडू शकत नाही, म्हणून वस्तुस्थितीला अधिक वजन द्यावे. त्याआधीच तेथील अपील न्यायालयाने असे मत नोंदवले होते की, भीतीचे कारण प्रत्यक्षात असताना केवळ दावेदार लहान असल्याने त्याला भीती जाणवू शकत नाही म्हणून दावा फेटाळला जावा, हे मान्य करणे अवघड आहे. पाळण्यातील बाळाला आग कळत नाही, म्हणून घर पेटले नाही असे कोणी म्हणत नाही.

चौथी कसोटी, म्हणजे घडण्याजोगे असणे, सर्वांत निसरडी. आपल्या अनुभवात न बसणारे ते अशक्य, असे मन सहज मानते. आठ वर्षांच्या मुलीला आई परक्या माणसाच्या हवाली कशी करेल, असे शांत शहरातील अधिकाऱ्याला वाटते. पेटलेल्या गावातील आईला तो एकच मार्ग दिसतो. म्हणून कॅनडाच्या न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले की, ‘हे असंभवनीय आहे’ असा शेरा अगदी स्पष्ट प्रकरणांतच मारावा.

हावभावांवरून निष्कर्ष काढणे तर त्याहूनही धोक्याचे. मूल रडले नाही, हसले, नजरेला नजर देत नव्हते, यावरून काही सिद्ध होत नाही. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये ही शिकवण आपल्याही घरांत होतीच.

टोरंटोच्या विमानतळावरील एक मुलगा

या तत्त्वांची कसोटी पाहणारे एक प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल २०१० मध्ये उत्तर श्रीलंकेतील १६ वर्षांचा एक तमिळ मुलगा टोरंटोला पोहोचला आणि त्याने आश्रय मागितला. पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन चौकशी केली होती. बंडखोरांचा समर्थक ठरवून सैन्य आपल्याला पकडेल, ही त्याची भीती होती. म्हणून घरच्यांनी त्याला काकांकडे धाडले होते. २०११ मध्ये त्याचा आश्रयाचा दावा फेटाळला गेला. श्रीलंकेतील तमिळांची स्थिती सुधारण्यासाठी पावले उचलली गेली आहेत आणि या मुलाला विशेष धोका नाही, असे मंडळाचे मत पडले.

मग त्याने मानवतेच्या आधारावर कॅनडातच राहू देण्याचा स्वतंत्र अर्ज केला. हा आश्रयाच्या दाव्याहून वेगळा मार्ग आहे, परंतु पुराव्याच्या दृष्टीने त्यातील चर्चा फार उद्बोधक आहे. मानसशास्त्रज्ञाच्या अहवालानुसार पूर्वानुभवांच्या आघातामुळे मुलाला मानसिक विकार जडला होता, आणि परत पाठवल्यास तो बळावणार होता. अधिकाऱ्याने हे निदान मान्य केले. त्यानंतर मात्र तो उपचार घेत आहे याचा पुरावा कोठे, श्रीलंकेत उपचार मिळत नाहीत याचा पुरावा कोठे, असे एकेक प्रश्न उपस्थित करून अर्ज नाकारला.

डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने तो नकार रद्द केला. निदान एकदा मान्य केल्यावर उपचाराच्या पावत्यांवर अडून राहणे न्यायालयाला पटले नाही. परत पाठवल्याने होणारी हानी हाच तर मुख्य मुद्दा होता, आणि तो बाजूला पडला होता. मानसशास्त्रज्ञ रुग्णाकडून ऐकूनच निदान करतो, म्हणून त्याचा अहवाल ‘ऐकीव’ ठरवून टाकून देता येत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. समाजगटाविरुद्ध भेदभाव होत असल्याचे दिसत असताना त्या मुलाविरुद्ध व्यक्तिशः भेदभाव झाल्याचा वेगळा पुरावा मागणेही अयोग्य ठरले. पुराव्याचे तुकडे करून प्रत्येक तुकडा अपुरा ठरवण्याची पद्धत न्यायालयाने नाकारली. पुरावा एकत्र पाहावा लागतो. बालकाच्या वाट्याला येणारे हाल त्याला ‘साजेसे’ आहेत असे म्हणण्याची वेळ क्वचितच येऊ शकते, हेही त्या निर्णयात ठासून सांगितले आहे.

मग खोटे बोलणाऱ्यांचे काय?

हा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येथवर आलाच असेल, आणि तो रास्त आहे. पैसे घेऊन सीमा ओलांडवणारे दलाल मुलांना गोष्टी पढवतात. प्रौढ तरुण स्वतःला अल्पवयीन म्हणवतात. काही नातलग परक्या मुलाला आपले म्हणून आणतात. म्हणून तपासणी हवीच, आणि ती कसून हवी. मुलासोबत आलेला ‘मामा’ खरोखर मामा आहे का, हे पाहणे मुलाच्याच रक्षणासाठी आवश्यक असते.

परंतु पढवलेल्या गोष्टीखाली बऱ्याचदा खरी गोष्ट दडलेली असते. दलालाने सांगितले, “तुझे गाव असे सांग, वडील असे मेले म्हणून सांग.” भेदरलेले मूल तेच घोकते. खरे कारण कदाचित त्याहून भयंकर असते, किंवा ते सांगायला लाज वाटते. बळजबरीचे लग्न, शरीरावरील अत्याचार किंवा घरातल्याच माणसाची दहशत, या गोष्टी आईवडिलांसमोर मूल बोलत नाही. म्हणून एक विधान खोटे निघाले की सारा दावा खोटा, असे गणित येथे चालत नाही. एक बिल चुकीचे निघाले म्हणून लेखापरीक्षक सारे पुस्तक जाळत नाही. तो उरलेली बिले अधिक बारकाईने पाहतो.

आपल्या घराजवळची आठवण

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली ही माणसे इराणमार्गे हिंदुस्थानात आली होती. त्याआधी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडी येथे नवानगरच्या जामसाहेबांनी पोलिश मुलांसाठी छावणी उभारली होती. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या निर्वासितांचे स्मारक आज उभे आहे. ती मुले एका मान्यताप्राप्त समूहाचा भाग म्हणून आली, त्यामुळे प्रत्येकीची भीती स्वतंत्रपणे सिद्ध करण्याचा प्रसंग आला नाही. आजचे मूल एकेकटे येते आणि एकट्यालाच सिद्ध करावे लागते. काळाने केलेला हा मोठा फरक आहे.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. परंतु बालकाची साक्ष आपल्या न्यायालयांना परकी नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात वयाची अट नव्हती, आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता येणारे मूल साक्षीदार होऊ शकते. १२ वर्षांखालील मुलाला शपथेचा अर्थ कळत नसला, पण खरे बोलावे एवढे कळत असले, तर शपथेविना त्याचे ऐकता येते. महाराष्ट्रातील एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले की, बालसाक्षीदार विश्वसनीय वाटला तर त्याच्या साक्षीवर शिक्षाही आधारता येते, मात्र ती साक्ष पढवलेली नाही याची काळजीपूर्वक खात्री करावी. काळजी घ्या पण कान बंद करू नका, असा हा समतोल आहे.

चुकीची किंमत

कर्ज मंजूर करताना चूक दोन प्रकारांनी होते. बुडव्याला कर्ज दिले तर रक्कम जाते. प्रामाणिकाला नाकारले तर व्याजाचे उत्पन्न जाते आणि चांगले गिऱ्हाईक दुसऱ्या बँकेत जाते. दोन्ही चुकांची किंमत आकड्यांत मांडता येते, आणि पुढच्या वर्षी भरूनही काढता येते. आश्रयाच्या निर्णयातही चुका दोनच प्रकारच्या असतात. परंतु त्यांची किंमत समान नसते. अपात्र मुलाला आश्रय दिला तर एका देशात एक मूल अधिक शिकेल. पात्र मुलाला नाकारले तर ते मूल ज्याच्या भीतीने पळाले त्याच्याच दारात परत जाते, आणि ती नोंद नंतर दुरुस्त करता येत नाही.

संशयाचा फायदा बालकाला अधिक उदारपणे द्यावा, असे आंतरराष्ट्रीय सूचना सांगतात त्यामागे हा हिशेब आहे. त्यात भाबडेपणा नाही. कमी बोलता येणाऱ्याचे बोलणे नीट ऐकून घेण्याचे कष्ट तपासणाऱ्याने घ्यावेत, एवढीच त्यात अपेक्षा आहे. प्रश्न सोपा केला का, दुभाष्याने तारीख नीट सांगितली का, अहवाल वाचले का, विसंगतीचे कारण विचारले का, या प्रश्नांची उत्तरे आधी तपासणाऱ्याने स्वतःला द्यावीत. ती होकारार्थी आल्यावरही शंका उरली, तर त्या शंकेला अर्थ आहे. सोने तोलण्याचा काटा आणि धान्य तोलण्याचा काटा एकच नसतो, हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जाणले आहे, त्याला प्रौढाच्या काट्यावर बालकाचा शब्द टाकू नये, हे निराळे समजावून सांगण्याची गरज भासू नये.